गिअरचा पाचवा अर्थ

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे पुरावेकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट कोणी नुसतंच 'काका' म्हटलं, तर आपलं अर्धं नाव कोणीतरी गिळलं असं त्यांना वाटायचं. बाहेर पाऊस पडतोय असं सांगत कोणी आत आलं तर काका आधी त्याची चप्पल ओली आहे का ते बघायचे. मुलीला लहानपणी ताप आला की थर्मामीटरने दुजोरा दिल्याशिवाय शाळा चुकत नसे. मुलगी मोठी झाली, लग्न करून लांबच्या गावी गेली, पण ही गोष्ट ती अजून ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

कचेरी म्हणजे एका छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वरच्या टेबलांवरचे पेले किणकिणायचे. इथे एकतीस वर्षं एकच काम चाललं होतं. इंग्रजीतून पाहुणे म्हणून आलेले आणि मग आपल्या बोलण्यात मुक्काम ठोकून बसलेले जे शब्द आहेत, टेबल, बटण, पंप, ब्रेक वगैरे, त्यांचा कोश. शब्द मुळात कुठला, तिकडे त्याचे अर्थ काय, आणि आपल्याकडे येऊन त्याने काय काय उद्योग केले, हे सगळं त्यात येणार होतं. काका पहिल्या दिवसापासून तिथे होते. कामाला लागले तेव्हा 'अ' चालू होता आणि आता 'ग'. त्यांच्यानंतर आलेले तिघेजण निवृत्तही होऊन गेले. काकांना निवृत्त करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आठवण करून देण्याइतके काका दूधखुळे नव्हते.

काम चिठ्ठ्यांवर चालायचं. जुनी वर्तमानपत्रं, जाहिराती, यंत्रांची माहितीपत्रकं, मासिकं, जे छापलेलं मिळेल ते वाचायचं. त्यात शब्द दिसला की हाताएवढ्या चिठ्ठीवर सहा गोष्टी लिहायच्या: शब्द, अर्थ, ज्या वाक्यात तो आला ते पूर्ण वाक्य, कुठे छापलं, केव्हा छापलं, आणि पान. छापलेलं नाही ते चालणार नाही. "आमच्याकडे असं म्हणतात" याला काकांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. फार पूर्वी एका गृहस्थांनी रोजच्या वीस चिठ्ठ्या भरायच्या म्हणून घरबसल्या वाक्यं रचली होती. काकांना वास आला. त्यांनी दोन दिवस वाचनालयात बसून प्रत्येक पान उघडून पाहिलं आणि त्या गृहस्थांचं पितळ उघडं पाडलं. तेव्हापासून काकांनीच नियम घालून दिला की, ज्या चिठ्ठीवर पान नाही ती काही न बोलता लिहिणाऱ्याकडे परत जाईल.

हल्लीच्या संपादकबाई पंधरा वर्षांपूर्वी याच कचेरीत शिकाऊ म्हणून आल्या, तेव्हा काकांनी त्यांच्या पहिल्या चाळीस चिठ्ठ्या परत केल्या होत्या. एकेचाळिसावी ठेवून घेतली, तेव्हा त्यांनी जिन्यात जाऊन डोळे पुसले म्हणे. आता त्या खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीवर बसायच्या आणि काका त्यांना अहोजाहो करायचे. बाई मात्र काकांना काकाच म्हणायच्या, 'पुरावे' न लावता. ते फक्त त्यांचंच चालत असे.

काकांची बायको गिअरच्या कारखान्यात होती. तयार झालेला गिअर हातात घ्यायचा, भिंगाखाली धरायचा, एकेक दाता तपासायचा, कुठे चीर, कुठे खरखर राहिली असेल तर बाजूला काढायचा, असं तिचं काम. डोळ्यांत तेल घालून ते तिने चोवीस वर्षं केलं. तिच्या टेबलावरून गेलेला गिअर परत आला नाही असं कारखान्यात सांगायचे. काका हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे की परत न आलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही, तेव्हा हा काही पुरावा नव्हे. ती हसायची. या माणसावर चिडून उपयोग नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि तसंही तिला तो आवडत होता.

रोज सकाळी काका निघाले की ती दाराशी येऊन विचारायची, "अहो, गिअर घेतलात?"

यात गिअर म्हणजे चष्मा, रुमाल, किल्ली, डबा, निळं पेन, लाल पेन आणि रक्तदाबाची गोळी. काका रोज खिसे चाचपायचे आणि रोज तिची चूक सुधारायचे. गिअर म्हणजे दातेरी चाक, फार तर गाडीचा दांडा. रुमालाला कोणी गिअर म्हणत नाही. दिवसभर जी बाई गिअर हाताळते तिने तरी असं बोलू नये. ती म्हणायची, एक दाता तुटला की चाक अडतं, तुमची गोळी राहिली की तुम्ही अडता, मग झालंच की गिअर. काका विचारायचे, पुरावा? ती म्हणायची, मी म्हणते ना. आणि दार लावून घ्यायची, कारण तिलाही कारखान्यातली पाळी गाठायची असे. बत्तीस वर्षांत हा वाद एकदाही पुढे सरकला नाही आणि कधी चुकलाही नाही.

आठ महिन्यांपूर्वी ती अकरा दिवस इस्पितळात होती आणि बाराव्या दिवशी गेली.

काका त्या आठवड्याच्या शेवटी कामावर आले. संपादकबाई त्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी विचारलं की 'ख'च्या चिठ्ठ्यांची तिसरी पेटी कुठवर आली. बाईंनी सांगितलं. मग त्यावरच बोलणं झालं. पुढे कोणीही विषय काढला की काका पेट्यांकडे वळायचे. मुलीचा रविवारी फोन यायचा, त्यात हवा आणि औषधं यांच्यापलीकडे गाडी जात नसे. ती रडायला लागली की काका म्हणायचे, बरं, ठेवतो. माणूस कोरडा आहे असं एकदोघांना वाटलं. तो कोरडा नव्हता. बायकोविषयी एक वाक्य बोललो तर दुसरं बोलावं लागेल, आणि ते कुठे थांबवायचं हे आपल्याला माहीत नाही, अशी त्याला भीती होती.

'ग' सुरू झाला आणि ओळीने काकांच्या टेबलावर 'गिअर' आला.

हा शब्द आपल्या टेबलावर येणार हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाला देताही आला असता. त्यांनी नेहमीसारखी चिठ्ठ्यांची गड्डी सोडली आणि अर्थ लावायला घेतले. गाडीचा गिअर हा पहिला. यंत्रातलं दातेरी चाक हा दुसरा. 'त्याने गिअर बदलला' म्हणजे कामाची चाल बदलली, हा तिसरा. डोंगर चढणाऱ्यांचं सामान, दोर, हूक वगैरे, हा चौथा. चारही अर्थांना छापील पुरावे भरपूर होते. मग मूळ शोधायला त्यांनी कपाटातले जाडजूड इंग्रजी कोश काढले.

आणि तिथे त्यांना कळलं की दातेरी चाक हे या शब्दाच्या घरातलं शेंडेफळ आहे. शब्द इंग्रजांचाही मूळचा नाही असं दिसत होतं. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून तो त्यांच्याकडे आला, साताठशे वर्षांपूर्वी. मुळाशी अर्थ होता सज्ज करणं, तयार करणं. गिअर म्हणजे माणूस बाहेर पडताना अंगावर चढवतो ते: कपडे, चिलखत, हत्यार. मग घोड्याचा साज. मग कारागिराची अवजारं, जहाजाचे दोर, घरातलं किडुकमिडुकसुद्धा. कोणी घराबाहेर पाऊल टाकताना त्याच्याजवळ जे जे असायला हवं ते सगळं गिअर. चाकं, दाते आणि गाड्या पुष्कळ नंतर आल्या.

काकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसून तिसऱ्यांदा वाचलं. चष्मा, रुमाल, किल्ली, डबा. तिला कोणी सांगितलं नव्हतं. कोश तिने आयुष्यात उघडला नव्हता. आणि तरी ती रोज दाराशी उभी राहून या शब्दाचा सगळ्यात जुना, खरा अर्थ बोलत होती, आणि ते रोज तिला चूक म्हणत होते. संध्याकाळी घरी गेल्यावर हिला सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. कशी नाक वर करून ऐकेल ते डोळ्यांपुढे आलं. हा विचार अर्धा मिनिट टिकला. त्यानंतर जे झालं ते काकांना आठ महिन्यांत झालं नव्हतं. त्यांना तोंडावर वर्तमानपत्र धरून बराच वेळ बसावं लागलं, आणि ते उलटं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचवा अर्थ लिहिला. घराबाहेर पडताना माणसाजवळ असाव्या लागणाऱ्या सर्व वस्तू. वाक्याच्या जागी लिहिलं: 'दाराशी उभी राहून ती रोज विचारते, गिअर घेतलात?' कुठे छापलं, तर एका कामगार मासिकाचं नाव लिहिलं. असं मासिक कधी निघालं नव्हतं. केव्हा, तर सव्वीस वर्षांपूर्वीचा एक महिना घातला. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं. जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या चिठ्ठ्या पकडलेल्या माणसाने एक खोटी चिठ्ठी केली, आणि ती करताना त्याला लाज वाटली नाही. त्याला एवढंच वाटत होतं की मी तिला चूक म्हटलं ते खोडून काढायला आता दुसरी जागा उरलेली नाही. कोश छापला गेला की ती बरोबर ठरेल, कायमची.

शेवटचा रकाना होता पानाचा. काकांनी पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. सगळं खोटं लिहून झालं होतं, आता एक आकडा काय तो राहिला होता. पण न पाहिलेल्या पानाचा आकडा एकतीस वर्षांत त्यांच्या हातून गेला नव्हता, आणि तो हात आता ऐकेना. जित्याची खोड, दुसरं काय. शेवटी त्यांनी चिठ्ठी तशीच, पान न घालता, गड्डीत सरकवली आणि स्वतःला बजावलं की एवढ्या गड्डीत कोणाच्या लक्षात येतंय.

लक्षात यायलाच हवं होतं, नियम त्यांचाच होता. सोमवारी चिठ्ठी परत आली. कोपऱ्यात संपादकबाईंच्या अक्षरात पेन्सिलीने दोन शब्द होते: काका, पान? 'ग'चा पहिला भाग शुक्रवारी खाली छापखान्यात जायचा होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दोन दिवस काका बाईंची नजर चुकवत होते. बाईंना काही माहीत नव्हतं. पान राहिलं असेल, लिहितील, एवढंच त्यांना वाटलं होतं. सतरा लिहिलं असतं तरी चाललं असतं. काकांच्या चिठ्ठीवरचा आकडा तपासायला या कचेरीत कोण जाणार? हेच काकांना जास्त टोचत होतं. बुधवारी त्यांनी सतरा लिहायचं ठरवलं, मग तेवीस, मग एक्केचाळीस. एक्केचाळीस हा आकडा त्यांना विशेष खरा वाटला. संध्याकाळपर्यंत रकाना कोराच राहिला.

गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कचेरीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. काका गेले ते थेट गिअरच्या कारखान्यात. तिथल्या भिंतीवर, फलकावर, पत्रकात, कुठेतरी हा अर्थ छापलेला सापडला तर चिठ्ठी खरी करता येईल, अशी त्यांची आशा होती. तपासणीच्या टेबलावर बायकोच्या शेजारी बसणारी तिची जुनी जोडीदारीण अजून तिथेच होती. तिने काकांना ओळखलं, स्टूल दिलं, पाणी दिलं. काय हवंय ते ऐकून घेतलं, आणि असल्या कामासाठी कोणी येतं का असा चेहरा न करता शोधायलाही लागली. दोघांनी मिळून सगळं पाहिलं. दारावरची पाटी, सूचनांचा फलक, नव्या कामगारांना देतात ती पुस्तिका, अगदी आग विझवायच्या नळकांड्यावरचा कागदसुद्धा. सगळीकडे एकच छापलं होतं: सुरक्षा साधने. गिअर कुठेच नव्हता.

"छापतील कसं?" जोडीदारीण म्हणाली. "तो शब्द तिचा होता. ती यायच्या पूर्वी इथे कोणी तसं म्हणायचं नाही. आधी आम्ही हसायचो तिला."

तेवढ्यात पाळी सुटल्याची घंटा झाली. यंत्रं एकेक करून थांबली. बायका कामाचे डगले काढून खुंटीला लावू लागल्या, हात धुऊ लागल्या. एक उंच बाई सगळ्यांच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिली, आणि जी जी बाहेर पडेल तिला न बघताच विचारू लागली, "गिअर घेतलास?" कोणी "घेतला" म्हणे. कोणी पर्स चाचपून मागे वळे आणि टेबलावरचा चष्मा उचलून आणे. ती उंच बाई पाच महिन्यांपूर्वी कामाला लागली होती. काकांच्या बायकोला तिने पाहिलंही नव्हतं.

काकांच्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या असायच्याच. त्यांनी उभ्या उभ्या एक काढली. शब्द, अर्थ, वाक्य. कुठे: कारखान्याच्या दाराशी. केव्हा: गुरुवार, दुपारी साडेतीन. पानाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'ऐकलं'. आणि ते लिहिताना हात अडला नाही.

शुक्रवारी सकाळी ते दोन्ही चिठ्ठ्या घेऊन संपादकबाईंच्या टेबलाशी गेले आणि उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मासिक खोटं, महिना खोटा, वाक्य कुठे छापलेलं नाही, ते आपल्या बायकोचं आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. ते म्हणाले की माझ्या हातच्या सगळ्या चिठ्ठ्या आता तपासायला घ्याव्या लागतील, एकतीस वर्षांच्या. काम मोठं आहे, पण जो एक खोटी करतो त्याने आणखी किती केल्या याचा भरवसा काय? दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी तेच म्हटलं असतं.

बाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी खटपट केली नाही.

"पान का नाही घातलं, काका?"

"हात ऐकेना."

"मग बाकीच्या मी कशाला तपासू?" बाई म्हणाल्या. "पान नसलेली तुमची ही एकच आहे."

काकांनी मान खाली घातली. बाईंनी खोटी चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि त्यांनी ती स्वतःच्या हातांनी फाडली. कोशात चारच अर्थ जातील, असं बाईंनी सांगितलं. ऐकलेल्याला या आवृत्तीत जागा नाही, आणि काकांच्या बायकोसाठी नियम वाकवला तर काकांनाच ते खपणार नाही. काका म्हणाले, बरोबर आहे. बरोबरच होतं, आणि त्यांना ते लागलं. पाचवा अर्थ जाणार नव्हता. ती छापील कागदावर कधी बरोबर ठरणार नव्हती, आणि ते खुर्चीच्या पाठीला धरून तसेच उभे होते.

मग बाईंनी दुसरी चिठ्ठी पुढे ओढली. ही मात्र टाकायची नाही, त्या म्हणाल्या, पुढच्या आवृत्तीसाठी ऐकलेल्या शब्दांची एक वेगळी पेटी करू आणि त्यातली ही पहिली. पण मग पानाच्या जागी काहीतरी हवं. छापलेल्याला पान असतं, तसं बोललेल्याला माणूस असतो. त्यांनी 'ऐकलं'च्या खाली एक रेघ मारली आणि पेन धरून थांबल्या.

"पहिल्यांदा कोण म्हणालं, काका?"

बत्तीस वर्षं काकांचं 'अगं'वर भागलं होतं, आणि गेल्या आठ महिन्यांत तर तेवढंही लागलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले.

"ती बरोबर होती," ते म्हणाले. "मी तिला रोज चूक म्हणायचो. रोज. ती बरोबर होती."

आणि मग त्यांनी बायकोचं नाव सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं, कारण आवाज किती लावायचा याचा त्यांना अंदाज राहिला नव्हता. शेजारच्या खोलीतल्या माणसांनी माना वर केल्या. बाईंनी नाव लिहून घेतलं आणि आडनाव विचारलं, तेव्हा काका रडत रडत म्हणाले, लग्नाच्या आधीचं सांगू की नंतरचं, आणि दोन्ही सांगितली. मग ती कुठे राहायची, किती शिकली होती, हसताना तोंडावर पदर का धरायची, हे कोणीच विचारलेलं नसताना ते सांगत बसले. बाईंनी पेन खाली ठेवलं. खालून छापखान्यातला माणूस 'ग' न्यायला आला होता, त्याला त्यांनी हातानेच थांबायची खूण केली.